आवाजी मतदानात बायांचा आवाज

(यवतमाळ जिल्ह्यातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली. अल्पमतातलं सरकार, विरोधकांचे डावपेच, अर्थसंकल्पावरचं मतदान. हा मुंबई-दिल्लीच्या पुढाऱ्यांचा खेळ, आपल्याले त्याचं काय, असा प्रश्न मनात येणं अगदी रास्त आहे. आपल्याकडे येणारी बाई नवऱ्याच्या मारानं हैराण असते, रेशनकार्डातून नाव कापलेलं असतं, विधवा पेन्शनसाठी तहसीलच्या चकरा मारून तिच्या चपला झिजलेल्या असतात. तिला विधानसभेतली आकडेमोड सांगून काय उपयोग?

उपयोग आहे. कारण तिच्या पेन्शनचा पैसा, अंगणवाडीच्या खाऊचा पैसा, संरक्षण अधिकाऱ्याच्या पगाराचा पैसा दरवर्षी मार्च महिन्यात एका मतदानातून जातो. आमदारांनी होय म्हटल्याशिवाय सरकारला तिजोरीतून रुपया काढता येत नाही. सरकारकडे भक्कम बहुमत असेल तर ते होय एका सुरात निघतं आणि संपतं. बहुमत काठावर असेल, किंवा सत्तेतला भागीदार रुसलेला असेल, तर मात्र तोच दिवस सरकारच्या जिवावरचा ठरतो. तेव्हा सरकार वाकतं. आणि सरकार वाकतं तेव्हा काहींची कामं होतात, काहींची राहतात. कुणाची होतात आणि कुणाची राहतात, हे आज पाहायचं आहे.

मतदान आपल्याला नवीन नाही

मोजणीचं राजकारण आपल्या बायांना कुणी शिकवायची गरज नाही. दारूबंदीसाठी झटलेल्या मैत्रिणी इथं आहेत. उभी बाटली की आडवी बाटली, हे मतदान त्यांना पाठ आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करायच्या, त्या सह्या तपासल्या जायच्या, मग मतदान. आणि दुकान बंद व्हायचं तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. नीट लक्षात घ्या, आलेल्या बायांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायांपैकी. म्हणजे जी बाई कापूस वेचायला गेली, माहेरी गेली, आजारी पडली, किंवा यादीत नाव असून वारली, ती प्रत्येकजण हिशोबात दुकानदाराच्या बाजूची धरली जाते.

विधानसभेत याच्या उलट आहे. संविधानाच्या कलम 189 प्रमाणे तिथं हजर राहून मत देणाऱ्यांमधलं बहुमत मोजलं जातं. जो आला नाही तो हिशोबातून वजा. 288 जणांच्या सभागृहात शंभरजण बाहेर चहा पीत बसले तर आत 95 मतांनीही ठराव पास होतो. म्हणजे गावात गैरहजेरी दुकानदाराला तारते आणि विधानसभेत गैरहजेरी सरकारला तारू शकते. विरोधकांचे निम्मे डावपेच या एका वाक्यात आले.

अविश्वास ठरावही आपल्याला माहीत आहे. महिला सरपंचावर अविश्वास आणायचा तर आपल्या राज्यात तीन चतुर्थांश सदस्य लागतात. तरीही सदस्यांना सहलीला नेऊन, कोंडून ठेवून ठराव कसे आणले जातात हे आपण पाहिलेलं आहे. मुंबईत आमदार हॉटेलात नेले जातात, एवढाच काय तो फरक.

अर्थसंकल्पाचं मत म्हणजे नेमकं काय

अर्थमंत्री भाषण वाचतात, टीव्हीवर दिसतात, त्या दिवशी मतदान होत नाही. नंतर एकेका खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतात. त्यांना अनुदानाच्या मागण्या म्हणतात. कलम 203 प्रमाणे विधानसभा ती मागणी मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. मागण्या पास झाल्या की विनियोजन विधेयक येतं. ते पास झालं की तिजोरी उघडते. विधान परिषद हे विधेयक चौदा दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही. पूर्ण अर्थसंकल्प वेळेत होत नसेल तर काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतात.

'वाढवू शकत नाही' या शब्दांजवळ जरा थांबा. आमदार गावात येऊन सांगतात, मी सभागृहात लढून निधी वाढवून आणला. सभागृहातल्या मतानं निधी वाढतच नाही. तो वाढतो मतदानाच्या आधी, मंत्र्याच्या दालनात, किंवा नंतर पुरवणी मागणीत. सभागृहात आमदाराच्या हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे कपात सूचना. खात्याची मागणी एक रुपयावर आणा किंवा तिच्यातून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना तो मांडतो. शंभर रुपयांनी कुणाचं काय बिघडणार? पण ती मंजूर झाली तर या खात्याच्या कारभारावर सभागृहाचा विश्वास नाही असा तिचा अर्थ होतो आणि सरकारला जावं लागतं. म्हणून त्या शंभर रुपयांना सरकार घाबरतं.

दुसरी गोष्ट आवाजी मतदानाची. अध्यक्ष विचारतात, अनुकूल कोण? सगळे एकदम ओरडतात. प्रतिकूल कोण? तेही ओरडतात. कुणाचा आवाज मोठा हे अध्यक्ष ठरवतात. कुणी आक्षेप घेतला तर मतविभाजन होतं. घंटा वाजते, दारं बंद होतात, एकेकाला मोजतात. 4 जुलै 2022 ला एकनाथ शिंदे सरकारनं 164 विरुद्ध 99 असा विश्वासठराव जिंकला, तेव्हा विरोधी बाकावरचे काही नावाजलेले आमदार दारं बंद झाल्यावर पोचले आणि बाहेरच राहिले. आवाजी मतदानात कोण कुठं होतं याची नोंद राहत नाही, मतविभाजनात राहते. आपल्याला ही नोंद हवी असते, हे पुढे सांगते.

विरोधकांपुढचे चार रस्ते

सरकार अल्पमतात असेल किंवा काठावर असेल तर विरोधकांपुढे साधारण चार रस्ते असतात.

पहिला, बाजूला राहून सरकार तगू देण्याचा. 1991 साली पी. व्ही. नरसिंह रावांचं सरकार अल्पमतात होतं. सुरुवातीच्या विश्वासठरावाच्या वेळी भाजप विरोधात गेला, पण इतर विरोधी पक्ष सरकार पाडायला गेले नाहीत. लगेच पुन्हा निवडणूक कुणालाच नको होती. 24 जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, खताच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव आला. सभागृहात आणि काँग्रेसच्या आतही गदारोळ झाला. दोनच आठवड्यांत ती वाढ 30 टक्क्यांवर आली आणि लहान-सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळायचं ठरलं. सरकार पडलं नाही, पण वाकलं. बहुमताचं सरकार इतक्या लवकर वाकलं असतं का, याचा विचार करा.

दुसरा रस्ता पाडण्याचा. 17 एप्रिल 1999 ला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मतानं पडलं. तेव्हा त्या वर्षीचा अर्थसंकल्प अजून मंजूर झालेला नव्हता. मग काय केलं? पाडणाऱ्यांनी आणि पडलेल्यांनी मिळून तो चर्चेविनाच मंजूर केला. पगार, रेशन, सैन्य थांबू नये म्हणून हे करणं भागच होतं. पण सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एका दमात गेल्या, कुठल्याही खात्याला एक प्रश्न विचारला गेला नाही. सरकार पाडल्याच्या जल्लोषात आपली मागणीही अशी वाहून जाऊ शकते.

तिसरा रस्ता सौद्याचा. त्यात विरोधकांपेक्षा आतले भागीदार तरबेज असतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला 240 जागा मिळाल्या, म्हणजे एकट्याचं बहुमत गेलं. सरकार तेलुगू देसम आणि जनता दल (संयुक्त) यांच्या टेकूवर आलं. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आंध्रच्या राजधानीसाठी 15,000 कोटींची व्यवस्था आणि बिहारच्या रस्त्यांसाठी 26,000 कोटी रुपये आले. या दोन पक्षांनी सभागृहात आरडाओरडा केला नाही, फलक दाखवले नाहीत. त्यांच्याजवळ मतं होती आणि ती केव्हा मोजली जाणार हे त्यांना माहीत होतं.

चौथा रस्ता उघडं पाडण्याचा. 27 एप्रिल 2010 ला लोकसभेत पेट्रोल-डिझेल आणि खताच्या दरवाढीवर भाजप आणि डाव्यांनी कपात सूचना मांडल्या. त्याच दिवशी महागाईविरुद्ध देशात बंद होता. त्या बंदात समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल सामील होते. मतदानाची वेळ आली तेव्हा हे दोन्ही पक्ष सभात्याग करून बाहेर गेले आणि बसपनं सरकारच्या बाजूनं मत दिलं. 289 विरुद्ध 201, सरकार तगलं. कपात सूचना हरली. तरी रस्त्यावर महागाईविरुद्ध घोषणा देणारा सभागृहात कुठं असतो, हे कागदावर कायमचं उमटलं. सभात्याग हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, केवढा निषेध! पुष्कळदा ती सरकारला केलेली मदत असते. उभ्या बाटलीच्या मतदानाच्या दिवशी जी गावातली मोठी मंडळी अचानक नातेवाइकांकडे निघून जातात ना, तसलाच हा प्रकार.

आणि अध्यक्षच मोजू देत नसतील तर? 18 मार्च 2016 ला उत्तराखंडच्या विधानसभेत विनियोजन विधेयक आलं. भाजपचे 26 आणि काँग्रेसमधून फुटलेले 9, अशा 35 आमदारांनी मतविभाजन मागितलं. सभागृह होतं 70 जणांचं. अध्यक्षांनी आवाजी मतदानानं विधेयक पास झाल्याचं जाहीर केलं. त्यावरून राष्ट्रपती राजवट लागली, कोर्टकचेऱ्या झाल्या, फुटलेले नऊजण अपात्र ठरले आणि 10 मे ला हरीश रावत यांनी 33 विरुद्ध 28 असा विश्वास जिंकला. एका डोंगराळ राज्याच्या अर्थसंकल्पानं दोन महिने देश ढवळून काढला, आणि वाद काय होता? आवाज ऐकायचा की माणसं मोजायची.

मार्च 2017 : आपल्या दारातली गोष्ट

आता आपल्या राज्याकडे येऊ. या जिल्ह्यानं राज्याला पुसदचे दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक 1963 ते 1975 आणि सुधाकरराव नाईक 1991 ते 1993. वसंतरावांच्या काळात एका पक्षाचं बहुमत इतकं होतं की अर्थसंकल्पाच्या मतदानाची बातमीही होत नसे. त्याच काळात याच जिल्ह्याचे जांबुवंतराव धोटे विरोधी बाकावर होते. अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावल्याबद्दल 1964 साली त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं गेलं. संख्या नसलेल्या विरोधकाचा संताप कुठवर जातो त्याची ती आठवण आहे.

2014 मध्ये चित्र बदललं. 288 पैकी भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. बहुमताला 145 हवेत. देवेंद्र फडणवीस यांचं सरकार सुरुवातीला अल्पमतातलंच होतं. राष्ट्रवादीनं न मागता बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला होता आणि शिवसेना विरोधी बाकावर होती. 12 नोव्हेंबर 2014 ला विश्वासठराव आवाजी मतदानानं पास झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले, ते मिळालं नाही. पुढे डिसेंबरात शिवसेना सत्तेत गेली आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

मिटला नव्हता. फेब्रुवारी 2017 मध्ये दोघे मुंबई महापालिकेत एकमेकांविरुद्ध लढले आणि त्या कडवटपणातच मार्चचं अधिवेशन आलं. कर्जमाफीची मागणी पेटलेली होती. काँग्रेस-राष्ट्रवादी तर मागत होतेच, सत्तेतली शिवसेनाही तीच मागणी करत होती. आता बेरीज करा. 42 अधिक 41 म्हणजे 83. त्यात शिवसेनेचे 63 मिळवले की 146. बहुमताच्या आकड्याहून एक जास्त!

18 मार्चला सुधीर मुनगंटीवार यांनी अर्थसंकल्प मांडला. विरोधकांनी फलक फडकवले, टाळ वाजवले, घोषणा दिल्या, बाहेर अर्थसंकल्पाच्या प्रती जाळल्या. 22 मार्चला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या 19 आमदारांना 31 डिसेंबरपर्यंत निलंबित केलं गेलं. सरकारचं म्हणणं, त्यांनी सभागृहाची अप्रतिष्ठा केली. विरोधकांचा आरोप, अर्थसंकल्पावर आम्ही मतविभाजन मागू आणि शिवसेनेचा भरवसा नाही, या भीतीनं संख्या कमी केली. 146 मधून 19 गेले की 127 उरतात. भाजपचे 122 आणि सोबतचे छोटे पक्ष, अपक्ष. हेतू काय होता याचा निवाडा मी करत नाही. आकडे तुमच्यासमोर आहेत.

यानंतर विरोधकांनी जे केलं ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. त्यांनी कामकाजावर बहिष्कार टाकला आणि 29 मार्चला चंद्रपूर जिल्ह्यातून संघर्षयात्रा काढली. ती विदर्भातून फिरली. वातानुकूलित बशीवरून तिची टिंगलही झाली. रस्त्यावर येणं चूक नव्हतं. कर्जमाफीचा प्रश्न गावोगाव गेला, वातावरण तापलं. पण अर्थसंकल्पाच्या मागण्या मंजूर व्हायच्या त्या दिवसांत सभागृहातले विरोधी बाक मोकळे राहिले. आत बसून एकेका खात्याच्या मागणीवर कपात सूचना रेटली असती, मतविभाजन मागितलं असतं, तर बाहेर कर्जमाफी मागणाऱ्या शिवसेनेला आत हात वर करावा लागला असता किंवा खाली ठेवावा लागला असता. तो पेच टळला. सरकारचा टळला आणि शिवसेनेचाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निलंबनं दोन हप्त्यांत मागे घेतली गेली. तोवर अर्थसंकल्पाची वेळ निघून गेलेली होती.

कर्जमाफी शेवटी आली. 1 जूनला पुणतांब्याहून सुरू झालेल्या शेतकरी संपानं ती आणली आणि 24 जून 2017 ला 34,022 कोटींची घोषणा झाली. म्हणजे जे मार्चमध्ये अर्थसंकल्पातून मिळालं नाही ते तीन महिन्यांत रस्त्यावरून मिळालं. मग विधानसभेची गरज काय, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर त्या कर्जमाफीतच दडलेलं आहे.

कर्जमाफीत बाई कुठं होती?

कर्जमाफी बँकेच्या आणि सोसायटीच्या शेतीकर्जाची होती. बँक शेतीकर्ज देते सातबारा पाहून, आणि सातबारावर नाव कुणाचं असतं हे इथं सांगायला नको. निंदण, खुरपण, वेचणी बाईची, सातबारा सासऱ्याचा किंवा नवऱ्याचा. बाईच्या नावावर कर्ज असतं ते बचत गटाचं आणि मायक्रोफायनान्स कंपनीचं. दर आठवड्याला हप्ता मागायला माणूस दारात उभा राहतो ते कर्ज. ते कर्जमाफीत नव्हतं. शेतमजूर बाईचं, दुसऱ्याची शेती ठेक्यानं करणाऱ्या बाईचं उसनवारीचं कर्ज तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

दुसरी अट होती कुटुंबाची. नवरा, बायको आणि 18 वर्षांखालची मुलं म्हणजे एक कुटुंब आणि कुटुंबाला मिळून दीड लाखाची मर्यादा. आता विचार करा, नवऱ्यानं टाकलेली बाई आहे, माहेरच्या तुकड्यावर तिच्या नावानं कर्ज आहे. कागदावर ती अजून त्याची बायको. कुटुंबाची व्याख्या लिहिणाऱ्यानं तिला नजरेसमोर धरलंच नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या बाया आहेत. सरकारी मदत एक लाख. त्यातले 30,000 हातात, 70,000 ठेवीत. आणि तेही प्रकरण पात्र ठरलं तर. अपात्र ठरलं तर माणूस गेला, कर्ज राहिलं आणि बाईच्या हातात शून्य. 2006 साली पंतप्रधानांचं 3,750 कोटींचं पॅकेज विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, त्यात यवतमाळ होता. त्यातही मोठा वाटा सिंचनाचा आणि कर्जाच्या व्याजाचा. विधवेच्या नावावर जमीन करा, तिच्या मुलांच्या शिक्षणाकडे पाहा, असं सांगणारा सरकारी निर्णय यायला 2019 उजाडलं. तोही आला तो महिला शेतकऱ्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं तगादा लावला म्हणून.

संपाच्या वाटाघाटीच्या टेबलावर, यात्रेच्या बशीत आणि मंत्र्यांच्या दालनात पुरुषच बसलेले होते. 2014 च्या त्या विधानसभेत निवडून आलेल्या महिला होत्या 20. म्हणून मागणीचा मसुदा झाला 'शेतकऱ्याचा', आणि शेतकरी म्हणजे सातबारा. मागणी रस्त्यावरून मान्य झाली की तिच्या अटी नंतर बंद खोलीत अधिकारी लिहितात. तीच मागणी सभागृहात खातेनिहाय चर्चेतून गेली तर निदान कुणीतरी उठून विचारू शकतं, टाकलेल्या बाईचं काय, ठेकेदारीनं शेती करणारीचं काय. अर्थसंकल्पाच्या चर्चेची किंमत ती आहे. रस्ता सोडा असं मी म्हणत नाही. रस्ता आणि सभागृह या एकाच गाडीच्या दोन बैलजोडीसारख्या चालल्या पाहिजेत. एक बैल बांधावर राहिला तर औत वाकडं जातं.

भक्कम बहुमत असेल तेव्हा

कुणी म्हणेल, आता कुठं अल्पमत? नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57 आणि अजित पवारांची राष्ट्रवादी 41, अशा महायुतीला तिघांच्या मिळून 230 जागा मिळाल्या. विरोधातल्या एकाही पक्षाला 29 चा आकडा गाठता आला नाही. अशा सभागृहात कपात सूचनेनं सरकार हलत नाही, हे खरं. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक म्हणजे तीन पक्षांचं सरकार बाहेरून एक दिसतं, आत खात्यांचा आणि निधीचा ओढाताणीचा संसारच असतो. महिला व बालविकास, आदिवासी विकास, सामाजिक न्याय या खात्यांचा पैसा दुसरीकडे वळवला जातो तेव्हा आतलाच मंत्री तक्रार करतो. ती फट आपण ओळखली पाहिजे.

दुसरी, निवडणूक ही सर्वांत मोठी मतमोजणी. जून 2024 मध्ये, लोकसभेत सत्ताधाऱ्यांच्या जागा घटल्यावर आणि विधानसभा तोंडावर असताना, अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. महिन्याला 1,500 रुपये, वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज. बाईच्या हातात थेट पैसा आला, त्याला मी नाक मुरडणार नाही. त्या पैशानं औषधं आली, पोरींची फी भरली गेली. पण निवडणूक झाल्यावर मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2,100 रुपयांचं आश्वासन आलं नाही आणि तरतूद 36,000 कोटींवर आली. बाई मतदार म्हणून मोजली गेली तेव्हा पैसा वाढला, मोजणी संपली तेव्हा कमी झाला. आपण फक्त पाच वर्षांतून एकदा मोजल्या जाणार की दर मार्चला, हा प्रश्न आहे.

मग आपण काय करायचं?

मी निवेदनांच्या विरोधात नाही. पण अधिवेशनाच्या आदल्या दिवशी दिलेलं सव्वीस मागण्यांचं निवेदन आमदाराच्या गाडीच्या मागच्या सीटवर राहतं. वेळ आणि नेम दोन्ही हवेत.

कापूस घरात येतो त्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, मंत्रालयात आकडे तयार होत असतात. जानेवारीच्या सुमारास जिल्हा नियोजन समितीत जिल्ह्याचा आराखडा ठरतो. आपली मागणी तेव्हा गेली पाहिजे. मार्चमध्ये फक्त मतदान उरतं.

मागणी एक असावी, फार तर दोन. खातं कुठलं, किती रुपये, कुणासाठी, हे एका कागदावर बसलं पाहिजे. 'महिलांचे सक्षमीकरण करा' या मागणीला कुणीही होय म्हणतो. 'प्रत्येक तालुक्याला स्वतंत्र, दुसरा कार्यभार नसलेला संरक्षण अधिकारी द्या आणि त्याच्या प्रवासाचा खर्च धरा' याला होय किंवा नाही म्हणावंच लागतं.

विरोधी आमदाराकडे गेलात तर विचारा, या खात्याच्या मागणीवर तुम्ही कपात सूचना देणार का? सत्ताधारी आमदाराकडे गेलात तर विचारा, चर्चेच्या दिवशी तुम्ही सभागृहात हजर राहणार का आणि आमचा प्रश्न मांडणार का? दोघांकडे जा. एका पक्षाच्या दारात बांधलेल्या संघटनेची किंमत दोन्हीकडे कमी होते. अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या आमदारांना विसरू नका, काठावरच्या सभागृहात सर्वांत जड तेच असतात.

कितीतरी खात्यांच्या मागण्या वेळ संपला म्हणून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर केल्या जातात. महिला व बालविकासाची मागणी त्या गठ्ठ्यात गेली का, हे दरवर्षी विचारा. गेली असेल तर तेवढीच एक बातमी तालुक्याच्या वार्ताहराला द्या.

मत कुणी दिलं, कोण बाहेर गेलं, याची नोंद ठेवा. विधानसभेचं कामकाज छापलं जातं. मतविभाजन झालं असेल तर नावं मिळतात. अधिवेशन संपल्यावर आमदार गावात येतील तेव्हा सभेत विनम्रपणे विचारा, त्या दिवशी आपण कुठं होतात? आवाजी मतदानात लपता येतं, महिला ग्रामसभेत लपता येत नाही.

आणि सुरुवात घरून करा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. किती गावांत होतात? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. किती ठिकाणी ती फक्त रजिस्टरावर होते? जी बाई गावच्या अर्थसंकल्पातला एक आकडा वाचायला शिकते, तिला राज्याचा आकडा घाबरवत नाही. शून्यं जास्त असतात, एवढंच.

शेवटी

सरकार अल्पमतात असणं चांगलं की वाईट, असा प्रश्न मला मघाशी चहाच्या वेळी विचारला गेला. माझं उत्तर असं की डळमळीत सरकार गरिबाच्या कामाचं नसतं, कारण त्याचा सगळा वेळ स्वतःला सांभाळण्यात जातो. आणि उन्मत्त बहुमताचं सरकार तर आपलं ऐकतच नाही. आपल्याला हवं ते असं सभागृह, जिथं प्रत्येक मत मोजावं लागतं आणि प्रत्येक मताला कुणातरी बाईला उत्तर द्यावं लागतं. पहिलं आपल्या हातात नाही, दुसरं आहे.

आता गटचर्चेला बसाल तेव्हा तालुक्याप्रमाणे बसा. केळापूर, घाटंजी, झरी, उमरखेड, दारव्हा, सगळ्यांनी आपापल्या तालुक्याची एकच मागणी काढा. ती कुठल्या खात्याची, तिला किती पैसे लागतील आणि आपला आमदार कुठल्या बाकावर बसतो, हे तिच्यासमोर लिहा. दुपारनंतर आपण त्या कागदांवर बोलू. तीसपेक्षा जास्त शब्दांची मागणी मी परत पाठवीन, हे आत्ताच सांगून ठेवते.